नदीतली रेघ

माझ्या दादाला आम्ही नदीच्या पलीकडे जाळलं. आईला तो अलीकडे हवा होता. एवढंच तिचं मागणं होतं, आणि तेवढंही आम्हाला कुणाला जमलं नाही. मी हे लिहायला बसले आहे ते त्यासाठी. मध्ये राज्य येईल, सरकार येईल, देश येईल. त्याला माझा इलाज नाही, कारण दादाचं आणि माझं शेवटचं वर्षभर त्याच्यावरूनच भांडण चाललं होतं.

आधी गाव सांगते. पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरात, महाराष्ट्र संपतो तिथं आमचं गाव आहे. संपतो म्हणजे खरोखरच संपतो. गावाच्या खाली एक नदी आहे. नदी म्हणायची आपली, मे महिन्यात तिच्यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते, आणि श्रावणात तीच नदी माणूस ओढून नेते. नदीचा अलीकडचा काठ आमचा, पलीकडचा गुजरातचा. पलीकडच्या गावात आमचीच माणसं, आमचीच बोली, आमचेच सोयरे. माझी वहिनी त्याच गावची. तिच्या लग्नाचं वऱ्हाड नदीतून चालत आलं होतं, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, वाद्यं डोक्यावर धरून. फरक एवढाच, की त्यांच्या काठापर्यंत डांबरी सडक येऊन थांबली आहे, आणि आमच्या काठावर वाघदेव उभा आहे.

वाघदेव म्हणजे लाकडाचा खांब. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्रसूर्य, अंगभर शेंदूर. तो गावाची शीव राखतो. वाघबारशीला सगळा गाव तिथं जमतो, नैवेद्य होतो, पोरं वाघ होऊन नाचतात. आणि त्या खांबाचा एक नियम आहे. शिवेच्या बाहेर मेलेलं माणूस शिवेच्या आत आणायचं नाही. ज्यानं त्याला मारलं ते त्याच्याबरोबर गावात येतं, असं म्हणतात. सगळ्या डोंगरात असं नसेल, आमच्या गावात आहे. लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी आश्रमशाळेत शिकले, डी.एड. केलं, नाशिकला एका प्राथमिक शाळेत लागले आणि इंदिरानगरची होऊन गेले. नवरा तिथंच अंबडला कंपनीत. माझा स्वभाव तापट आहे, पोरं माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा नकाशा असतो. दरवर्षी पोरं तो रंगवतात, द्राक्षं काढतात, कांदे काढतात, त्र्यंबकेश्वरचं देऊळ काढतात. पश्चिमेच्या डोंगरात काय काढायचं असं विचारलं की मी सांगते, झाडं काढा. आमचं गाव त्या नकाशावर नाही. ते जिथं असायला हवं तिथून जिल्ह्याची जाड काळी रेघ जाते.

गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर गावात सभा झाली आणि दादा उठून म्हणाला, आपलं गाव गुजरातला जोडून मागू. रस्ता नाही, पाणी नाही, मास्तर आला तर आला. पलीकडं बघा आणि अलीकडं बघा. गावानं हात वर केले. आजूबाजूच्या आणखी काही गावांनीही तसंच केलं. मग टीव्हीवाले आले, त्यांनी दादाला नदीत उभं केलं आणि एका हातानं इकडं, दुसऱ्या हातानं तिकडं दाखवायला लावलं.

मी ते जेवताना बघितलं. माझा घास तसाच राहिला.

फोन लावला आणि सरळ तोंड सोडलं. “अरे, राज्य म्हणजे काय भाड्याची खोली आहे का? नळाला पाणी नाही म्हणून सोडून चालला?”

“तू नाशिकला कशाला गेलीस, मास्तरीण?” दादा म्हणाला. तो मला चिडवायचं असलं की मास्तरीण म्हणायचा, एरवी बाय. “नळाला पाणी होतं म्हणूनच ना?”

मी फोन आपटला. खरं बोललेलं मला पहिल्यांदा कधीच सोसत नाही.

संक्रांतीच्या सुट्टीत गावी गेले तर वेगळंच. आईनं घर बांधायला घेतलेलं. बांधायला म्हणजे गाठोड्यात. नागलीचं बी वेगळ्या फडक्यात, पाटा-वरवंटा ओट्यावर काढून ठेवलेला, कोंबड्यांसाठी डालगं विणून तयार. गुजरातला जायचं म्हणजे उठून जायचं, असं ती धरून चालली होती. गावात कुणी तिला नीट सांगितलंच नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. तिच्या आयुष्यात कुणी कुठं जायचं तर असंच सामान बांधून, द्राक्षाच्या कामाला जातात तसं.

आणि बांधावर बाबांचा दगड. आमच्यात माणूस शेताच्या बांधावर जाळला की तिथंच राखेवर त्याच्या नावानं एक दगड उभा करतात. आईनं विळ्यानं त्याच्या बुडाची माती उकरून काढली होती. “ह्याला हितं कोणाच्या जिवावर ठेवू?” ती मला म्हणाली. “हाबी न्यायाचा.”

दादा हसून हसून खाली बसला. मलाही हसू आलं. दादानं अंगणात काटकीनं नदी काढली, अलीकडे गाव काढलं, नदीत रेघ मारली. “आये, आपून हालायचं नाय. ही रेघ हालायची.” पायानं त्यानं ती पुसली आणि गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेनं दुसरी मारली. “अशी. झालं गुजरात.”

आई त्या धुळीवर वाकली. “आन दगड?”

“हितंच.”

“शेत?”

“हितंच.”

“मग तुमाला काय करायचं ते करा,” आई म्हणाली. “मी मेले का मला ह्याच्याशेजारी जाळा. आन तुलाबी हितंच, मागनं.” असं म्हणून तिनं उकरलेली माती परत दगडाच्या बुडाशी सारली आणि पायानं दाबली. पुढं जे झालं त्यात आईचं म्हणणं तेवढंच राहिलं, ते तिनं कधी बदललं नाही. राज्य कुठलंही असो, तिची माणसं त्या बांधावर असायला हवी होती.

दुपारी ओट्यावर दादाचं आणि माझं परत जुंपलं. मी म्हटलं, असं उठलं की निघालं केलं तर काही उरेल का? त्यानं बिडी विझवली.

“आपल्यात पोरगा वेगळा निघायचा म्हणला का पंच पहिलं काय इचारतात?” तो म्हणाला. “जमीन किती, भांडी किती, ते मागनं. आधी त्याच्या आईला पुढं बोलवतात आन इचारतात, ह्याला समद्यांवानी ताटात वाढलं का? वाढलं आसंल तर पोराला सांगतात, गप घरी जा. नसंल वाढलं तर चूल वेगळी. मग त्याला कुणी नाव ठेवत नाय. आता तू सांग, आमाला वाढलं का?”

हे खरं होतं. माझ्या धाकट्या काकाची चूल अशीच वेगळी झाली होती. मला आठवत होतं, आजी पंचांपुढे उभी राहिली आणि काहीच बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यावरच निकाल झाला. तरी मी आवाज चढवला. “म्हणून काय आई बदलायची?”

“आई कुठं बदलतोय? देश तोच हाय ना. सासू बदलतोय.”

वहिनी आत भाकरी थापत होती, तीही हसली. मी म्हटलं, “चेष्टा नको. उद्या एखादं अख्खं राज्य उठलं आणि म्हणालं आम्हाला हा देशच नको, तर? त्यांनाही सोडायचं?”

“त्यांनाबी हेच इचारायचं,” दादा म्हणाला. “वाढलं का? खरं काय ते सांगा. आन नुसतं सैन्य पाठवून नाय इचारायचं, त्यांच्या ओट्यावर बसून इचारायचं. इचारल्यावर निम्मे लोक तर जायचेबी नाय.”

मला ते पटलं नाही आणि खोटंही ठरवता आलं नाही. नाशिकला परत आले तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हाच विषय. संध्याकाळी तिथं खुर्च्या पडतात. खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त आहेत, सगळ्या जगाची काळजी त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडचेच ना ते? एकदा का सोडायची मुभा दिली, की आज गाव, उद्या जिल्हा, परवा एखादं राज्य म्हणेल आम्हाला भारतच नको. मग बसा नकाशा चाटत. अशांच्या सवलती आधी बंद केल्या पाहिजेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काका, मागच्या उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर आला नाही तेव्हा तुम्हीच म्हणालात, या महापालिकेतून बाहेर पडू, इंदिरानगरची वेगळी नगरपालिका करा. तुमच्या सवलती काढून घेतल्या का कुणी?”

सगळे हसले, काकाही हसले. माणूस वाईट नाही. पण जिना चढताना मला माझाच राग आला. गावात दादाशी भांडायचं आणि पार्किंगमध्ये दादाच्या बाजूनं भांडायचं. नवरा म्हणाला, तू नक्की कुणाच्या पक्षात आहेस ते ठरव. मी त्यालाही काहीतरी लावून बोलले.

त्या मागणीच्या सभेतली एक गोष्ट मला नंतर वहिनीनं सांगितली. तेव्हा मी ती हसण्यावारी नेली. गावात एक जण होता ज्यानं हात वर केला नव्हता. खालच्या पाड्यावरचा, दादाच्याच वयाचा. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखलेली. त्याची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती, इथल्या राज्याच्या. तो म्हणाला, “गाव गुजरातला नेताय तर न्या. माझं घर तेवढं महाराष्ट्रात राहू द्या.” सभा हसली. कुणीतरी म्हणालं, तुझ्या अंगणाभवती तारेचं कुंपण घालू आणि चौकीवर तुझ्या पोरीलाच बसवू. दादा मात्र हसला नाही. तो म्हणाला, “गाव म्हंजे गाव. एका घराला वेगळी शीव मिळत नाय.”

वहिनी म्हणाली, तो माणूस उठून गेला. त्याला हे वाक्य नवीन नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्याचा बाप पिंपळगावकडे द्राक्षबागेत मजुरीला गेला असताना तिथंच वारला. पोरगा टेम्पोत घालून बापाला घेऊन आला, तर वरच्या शिवेवर गाव आडवा. तेव्हाही पुढं दादाच होता. दुष्टपणानं नव्हे, तो नियमाचा माणूस होता, आणि वाघदेवापुढे गरीब-मोठा करायचं नाही हे त्याचं म्हणणं होतं. त्या बापाला शिवेबाहेर, रानात जाळलं. त्याच्या नावाचा दगड बांधावर कधी उभा राहिला नाही, कारण राख गावात नव्हती.

मागणीचं पुढं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. पांढऱ्या गाड्या आल्या. साहेब लोक दगडावर रुमाल टाकून बसले. रस्ता होईल, पाण्याची टाकी होईल, मागणी मागं घ्या. एक एक गाव मागं सरकलं, मग आमचंही. दादा म्हणाला, कागदावर नको, खडी पडल्यावर बोलू. तर खडीही पडली. वरच्या वळणावर एक ढीग येऊन पडला. लोक म्हणाले, झालं, आता गप बस. तो गप बसला. त्या ढिगावर पावसाळ्यात गवत उगवलं. अजून तो तिथंच आहे, त्यावर शेरडं चढतात.

श्रावण संपता संपता दादाचं पोट दुखायला लागलं. त्यानं ते अंगावर काढलं. आमच्याकडे दुखणं अंगावरच काढतात, त्याशिवाय दुसरं काय काढणार? ताप चढला, पोट दगडासारखं झालं, तेव्हा वहिनीनं आरडाओरडा केला. आमच्या बाजूचा रस्ता, जो काही होता तो, दरड येऊन बंद झाला होता. मग माणसांनी गोधडीची झोळी केली आणि त्याला नदीतून पलीकडे नेलं. छातीएवढं पाणी होतं. आई वाघदेवाजवळ उभी राहून ओरडत होती, त्याचं डोकं भिजू देऊ नका. पलीकडे वहिनीचे भाऊ गाडी घेऊन सडकेवर थांबले होते. तिकडच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आतडं आधीच फुटलं होतं, उशीर झाला. तरी ते झटले. कुणी त्याला विचारलं नाही की तू इकडचा का तिकडचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. “बाय, तुझा दादा गेला,” एवढंच ती म्हणाली आणि तिच्या भावानं फोन घेतला. ते गाडीतून त्याला नदीपर्यंत आणत होते. मी आणि माझा नवरा तसेच निघालो. दरडीपाशी गाडी सोडली आणि चिखलातून चालत गेलो. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं, नदी उतरली असेल का, त्याला आणता येईल का. वाघदेवाचा नियम मला आठवलाच नाही. इतकी वर्षं इंदिरानगरात राहिल्यावर असं होतं.

नदीवर पोहोचले तर सगळा गाव वाघदेवापाशी उभा होता. पलीकडच्या काठावर सडकेच्या टोकाला पांढरी गाडी, तिच्याजवळ वहिनीची माणसं, आणि जमिनीवर तो. मध्ये पाणी, पण कंबरेइतकंच. आणता आला असता. आई एका दगडावर बसली होती. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, “आलीस? आता सांग ह्यांना. तू शिकलेली हायेस.”

तेव्हा मला कळलं.

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. वाघदेवाची पूजा करणारा भगत म्हातारा आहे, त्यानंच माझं बारसं केलं होतं, त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, “वर्षापूर्वी हीच नदी, हीच रेघ, तुम्हीच टीव्हीवर सांगत होता की ही रेघ खोटी आहे, पलीकडचे आमचेच आहेत. मग आज तो परका कसा झाला?”

“ती रेघ सायबांची व्हती, बाय,” भगत म्हणाला. “ही वाघदेवाची हाय.”

“मग वाघदेवाला मी बघते. पाप लागलं तर मला लागू द्या.”

“तू उद्या नाशिकला जाशील,” गर्दीतून एक बाई म्हणाली. “आमची पोरं हितंच हायेत.” तिच्या कडेवर मूल होतं. तिची भीती खोटी नव्हती, आणि तिच्या बोलण्यात रागही नव्हता.

मग मी त्याच्याकडे वळले, खालच्या पाड्यावरच्या त्या माणसाकडे. तो कडेला उभा होता. गावात त्याच्या शब्दाला आता वजन आलं होतं, मागणी मागं घेताना साहेबांशी तोच बोलला होता. मला वाटलं, हा हो म्हणाला तर बाकीचे ऐकतील. मी त्याला म्हटलं, “दादा तुझ्याबरोबर गुरं राखायचा. तू तरी बोल.”

तो पलीकडे बघत राहिला. त्याचे डोळे ओले होते, हे मी शपथेवर सांगेन. मग म्हणाला, “गाव म्हंजे गाव, बाय. तुझ्या भावानंच सांगितलंय.”

आई उठली. तिला गुडघ्यांमुळे धड उभं राहवत नाही. तिनं गावापुढं पदर पसरला. माझ्या आईनं आयुष्यात कुणापुढं पदर पसरल्याचं मला आठवत नाही, रेशनच्या दुकानातही ती ताठ उभी राहायची. “त्याच्या बापाशेजारी जागा हाय,” ती म्हणाली. “लय नाय लागायची.” माणसं खाली बघत राहिली. कुणी तिला झिडकारलं नाही, कुणी हात धरून पदर खाली केला नाही, आणि कुणी हो म्हणालं नाही. हळूहळू तिचा हातच थकला.

पलीकडून वहिनीचा थोरला भाऊ ओरडला, “आमच्या जाग्यात जाळतो. आमचा जावई हाय.” त्यांनी लाकडं आणली, स्वतःच्या घराच्या पडवीतली, पावसाळ्यासाठी कोरडी राखलेली. अग्नी त्यानंच दिला. माझा नवरा आणि गावातले काही जण नदी ओलांडून गेले. जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. मी आईपाशी थांबले, तिला एकटं सोडणं शक्य नव्हतं आणि तिला नदीत उतरवणंही शक्य नव्हतं.

आईला आता दूरचं दिसत नाही. ती वाघदेवाला टेकून उभी राहिली आणि विचारत राहिली. “लागली का गं?”

“लाकडं रचतायत.”

“आता लागली का?”

“लागली, आये.”

“कुठं? मला दिसत नाय.”

मी तिचा हात धरून त्या दिशेला केला. धूर पाण्यावरून आमच्याकडे आला, वारं तसं होतं. सगळ्या गावाच्या डोळ्यांत गेला. त्याला कुणी शिवेवर थांबवलं नाही. मला त्या वेळी वाघदेवाच्या त्या खांबाला लाथ घालावीशी वाटली. घातली नाही, आई त्याला टेकून होती.

राख त्यांनी नदीत सोडली. नदी तिकडेच वाहते, आमच्या डोंगरातलं सगळं पाणी पहिल्यापासून तिकडेच जातं. दुसऱ्या दिवशी वहिनी कपाळ पुसून नदीतून चालत परत आली, अलीकडच्या घरी. तिला कुणी काही म्हटलं नाही, ती जिवंत होती.

मी पुष्कळ विचार केला या सगळ्यावर. दादाचं ते ताटात वाढण्याचं मला आता पटतं. ज्याला वाढलं नाही त्याला दार अडवून ठेवायचा हक्क कुणाला नाही, मग ते गाव असो की राज्य, आणि मोठ्या आवाजात देश देश म्हटल्यानं उपाशी माणसाचं पोट भरत नाही. पण त्याच दादानं एका घराला त्याची शीव दिली नाही, आणि त्याच्या गावानं त्याला. आम्हाला जाऊ द्या म्हणणाऱ्यांच्या आतही कुणीतरी असतो, त्याला कुठंतरी वेगळंच जायचं असतं किंवा यायचं असतं. त्याला कोण विचारतं? पार्किंगमधल्या काकांशी मी आता या विषयावर बोलत नाही. ते काढतात, मी पिशवी उचलून जिना चढते. दादा असता तर त्याच्याशी भांडले असते. त्याच्याशी भांडायला मजा यायची. त्याच्याशिवाय मला मास्तरीण म्हणणारं कुणी नाही.

बांधावर दगड उभा करू असं मी आईला म्हटलं होतं. दगडाला गाव हरकत घेत नव्हता. आईनंच नको म्हटलं. “खाली कायच नाय, तर दगड कशाला?”

या थंडीत ती माझ्याकडे येऊन राहिली आहे. वहिनी द्राक्षाच्या कामाला गेली, घरी आईला बघायला कुणी नव्हतं. इंदिरानगरात तिला करमत नाही. गॅलरीत बसते, कबुतरांना हाकलते. काल रविवार होता, मी पोरांच्या वह्या तपासत होते. जिल्ह्याचे नकाशे. द्राक्षं जांभळी, कांदे गुलाबी, डोंगरात झाडं. ती शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नाही, चित्रं कळतात.

“आपला डोंगर कंचा?”

मी दाखवला.

“आन नदी?”

नदी एवढ्याशा नकाशात नसते. मी म्हटलं, ही काळी रेघ आहे ना, तीच धर. तिनं डोळ्यांजवळ वही नेली, बोटानं ती रेघ चाचपली. मग बोट रेघेच्या पलीकडे, कोऱ्या कागदावर सरकवलं. अगदी थोडं.

“दादानं अंगणात ही पुसली व्हती. पायानं.”

“हो.”

“मग अजून एकदा सरकवता नाय येणार? त्याच्यावानी डोंगरापातूर नको. हिकडं. ह्याच्या एवढीच.” तिनं बोटाचं टोक दाखवलं. “तो आत यील.”

मी म्हटलं, “आये, हे पोरांनी काढलेलं आहे.”

“मंग तर सोपं हाय,” आई म्हणाली. “तुझंच आयकतात ना ती? सांग त्यांना.”

मी वही मिटायला हात पुढं केला. तिनं बोट उचललं नाही.